ही चिठ्ठी परत घेऊन जा

शुक्रवारी मधल्या सुट्टीत दहावीतल्या दोन मुली माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या हातात चौपदरी घडी घातलेला कागद. "बाई, हेडसरांना द्यायचाय. मम्मी म्हणाली, आधी बाईंना दाखव." वहीतून फाडलेलं पान होतं, अक्षर सुवाच्य. दहावीचं वर्ष महत्त्वाचं असल्यामुळे शारीरिक शिक्षणाच्या दोन्ही तासिका गणित आणि विज्ञानाला देण्यात याव्यात, ही नम्र विनंती. खाली पालकांच्या बेचाळीस सह्या.

मजकूर मी एकदा वाचला, सह्या दोनदा. सत्तावीस वर्षं याच मैदानावर शिट्टी वाजवतेय, त्यामुळे गावातली निम्मी अक्षरं माझ्या ओळखीची आहेत. सह्या करणाऱ्यांत अकरा जण माझ्या हाताखालून गेलेले निघाले. त्यातली एक सही पाहून मी चष्मा काढून ठेवला. ही मुलगी आमच्या खो-खोच्या संघात होती. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पहिल्या तुकडीत उतरली आणि समोरच्या नऊ जणींना डाव संपेपर्यंत सापडली नाही. परत येताना एसटीत खिडकीशी बसून गात होती. अनवाणी पळून तळवे सोलले होते, ते तिनं मला घरी पोचेपर्यंत दाखवलेसुद्धा नाहीत. तिनंच आता आई होऊन लिहून दिलंय, की माझ्या लेकीला मैदानावर नेऊ नका.

पालकसभेत दहा मिनिटांत हे बोलून होणार नाही, म्हणून लिहितेय. तुमच्यातल्या पुष्कळांना मी अरे-तुरे करत आले. आज पालक म्हणून समोर आहात, म्हणून तुम्ही म्हणेन. शब्द मात्र सौम्य मिळणार नाहीत.

तुमच्या मुलांच्या शरीराचं काय झालंय हे तुम्हाला ठाऊक नाही. घरी तुम्ही त्यांना बसलेलंच बघता. पाटावर नव्हे, सोफ्यावर. ती उभी राहिली, वाकली, पळाली की काय होतं, ते मी बघते. गेल्या आठवड्यात मी दहावीच्या वर्गाला मैदानात ओळीनं उभं केलं आणि म्हटलं, उकिडवं बसा. आपली आजी चुलीपुढे बसायची, शेतमजूर बाई भांगलताना बसते, एसटीच्या थांब्यावर म्हातारी माणसं वाट बघत बसतात, तसं. टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात. अर्ध्या वर्गाच्या टाचा उचलल्या. काही जण मागे कलंडले आणि हातांवर आले. एक उंचापुरा मुलगा गुडघे वाकवायलाच तयार होईना. दुखतंय म्हणाला. पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा उकिडवं बसताना दुखतो, हे तुम्हाला भयंकर वाटत नाही का? मला वाटलं. रात्री जेवताना घास उतरला नाही.

मग मैदानाला दोन फेऱ्या सांगितल्या. शर्यत नव्हे, आपापल्या चालीनं पळा म्हटलं. दुसऱ्या फेरीत पळणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. बाकीची कमरेवर हात ठेवून, बरगडीखाली कळ आली म्हणत चालत होती. यातल्या कुणालाही आजार नाही. ही तुमची धडधाकट मुलं आहेत.

आता तुम्ही म्हणाल, एका शाळेतलं उदाहरण घेऊन बाई सगळ्या जगाला बोलतात. मग जगाचं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेला अभ्यास २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला. प्रौढ माणसानं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी, म्हणजे दिवसाला बावीस मिनिटं भरभर चाललं तरी पुरे, एवढी साधी अट. २०२२ साली भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांना ती पुरी करता आली नाही. २००० साली असे लोक शंभरात बावीसच्या आसपास होते. बावीस वर्षांत दुपटीच्या वर गेलो, आणि असंच चाललं तर २०३० पर्यंत शंभरात साठ होतील असा अंदाज त्याच अभ्यासात आहे. मुलांसाठी अट दिवसाला एक तासाची आहे. ११ ते १७ वयातल्या भारतीय मुलांपैकी चारातल्या जवळजवळ तिघांना तो तास मिळत नाही, हे २०१९ सालीच छापून आलंय. आणि आपल्या देशात दहा कोटींवर माणसांना मधुमेह आहे, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली समोर आलं. तुमच्यातल्या किती घरांत फ्रिजच्या दारात इन्सुलिनची पेनं आहेत, हे मला या गावात वेगळं विचारावं लागत नाही.

असं असताना तुम्ही काय मागितलंत? मुलांच्या आठवड्यातली सत्तर मिनिटं. पस्तीसचे दोन तास. तेवढेही नकोत म्हणालात.

गणिताला कमी पडतं म्हणून मागितलंत ना? मग रात्री साडेअकराला तुमच्या मुलाच्या खोलीत उजेड कशाचा असतो, तो आधी विझवा. तुम्ही विझवत नाही, कारण शेजारच्या खोलीत तुमच्या हातातही तोच उजेड असतो. वेळ तिथून काढा. मैदानावरून काढू नका. अंग हलवलेल्या मुलाचं डोकं चालतं, अभ्यासात त्याचा उपयोग होतो, हे आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. मी ते त्याआधी वीस वर्षं बघत आले. पावसात तिसऱ्या तासाला मैदानावर नेऊन आणलेला वर्ग चौथ्या तासाला गणिताच्या सरांना त्रास देत नाही. सरांनाच विचारा.

स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक जिंकलं तो २०२४ चा ऑगस्ट आठवा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. त्या दिवशी तुमच्यातल्या प्रत्येकाच्या स्टेटसवर त्याचा फोटो होता. खाशाबा जाधवांची आठवण निघाली. १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढून पाठवलेला पैलवान, कोल्हापूरच्या प्राचार्यांनी त्याच्यासाठी गहाण टाकलेलं घर. हे सगळं तुम्ही एकमेकांना पाठवलंत, मलाही पाठवलंत. अभिमान वाटायलाच हवा. पण त्याच संध्याकाळी मी शाळेचं फाटक उघडं ठेवून मैदानावर उभी होते. एक पालक आला नाही, मूलही आलं नाही.

पदक दुसऱ्यानं आणायचं आणि आपण बघायचं, ही खेळाची व्याख्या तुम्ही मुलांच्या डोक्यात घातलीत. खेळ म्हणजे पडद्यावर चाललेली गोष्ट. आयपीएलचे दोन महिने तुमच्या घरात रोज साडेतीन तास खेळ असतो, आणि त्या साडेतीन तासांत घरातलं कुणीही पाणी प्यायला सोडून उठत नाही.

हे फक्त क्रिकेटचं नाही. मंगळागौर बघा. आपल्या आयाबायांना वर्षातून एकदा रात्रभर घाम गाळायची हक्काची जागा होती ती. झिम्मा, पिंगा, बसफुगडी, आगोटा-पागोटा. बसफुगडीला मांड्यांत किती ताकद लागते ते करून बघा, म्हणजे कळेल. साठीच्या बाया पहाटेपर्यंत खेळायच्या. आता हॉल घेतात, खेळणाऱ्या बायकांचा गट पैसे देऊन बोलावतात, नऊवारी नेसलेल्या त्या बाया व्यासपीठावर खेळतात आणि घरातल्या सगळ्या जणी खुर्च्यांवर बसून व्हिडिओ काढतात. परवा अशाच एका कार्यक्रमाला मी गेले होते. नवरीमुलीनं एक फुगडी घातली, तीही फोटोसाठी, चार गिरक्यांत बसली. तिची आजी माझ्या शेजारी होती. तिचे पाय खुर्चीखाली झिम्म्याच्या ठेक्यावर हलत होते. तिला उठवून नेणारं कुणी नव्हतं. मी नेलं. तुम्ही का नेत नाही?

शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडच्या लोकांना हे तुमच्यापेक्षा नीट कळत होतं. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. पुण्याला शिवरामपंत दामल्यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढलं. पदकांचा हिशेब तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. रस्त्यावरचं पोर दणकट व्हावं, एवढंच होतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, आणि ते स्वतः रोज घालायचे. या शेवटच्या गोष्टीपाशी मला थांबायचंय. राजा रोज घालायचा, म्हणून त्याला मुलांना सांगायचा अधिकार होता. तुम्ही शेवटचं कधी पळालात? बस पकडायला सोडून. शाळेपासून तुमचं घर मी चालत मोजलंय, दहा मिनिटं लागतात. सकाळी तुम्ही मुलाला मोटरसायकलवर सोडता, दुपारी न्यायला येता. फाटकात गाड्यांची एवढी गर्दी असते की चालत येणाऱ्या दोन-चार मुलांना आत शिरायला वाट मिळत नाही. उन्हाचं कारण सांगू नका. आषाढात आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट सत्तरी उलटलेली माणसं डोक्यावर तुळस घेऊन चालतात. त्यात तुमचे आईवडीलही आहेत. तुमच्या मुलाला दहा मिनिटं जड होतात.

आता मुलींचं. इथे मी आणखी कडक बोलणार आहे.

सहावीपर्यंत मैदानावर मुली मुलांइतक्याच असतात. लंगडीत तर मुलांना ऐकत नाहीत. सातवीत चिठ्ठ्या सुरू होतात. "पोटात दुखते, कृपया खेळायला सांगू नये." खाली आईची सही. पहिल्या महिन्यात एक, मग दोन, मग दर आठवड्याला. आठवीत मुलगी ओढणी सावरत गुलमोहराखाली बसायला लागते आणि दहावीपर्यंत तिथेच बसते. माझ्या कपाटातल्या एका फाईलमध्ये या चिठ्ठ्या आहेत, मी टाकलेल्या नाहीत. पाळीत ज्या मुलीला खरोखर त्रास होतो, तिला मी बसवते, गरम पाणी देते, डॉक्टरकडे न्या म्हणून घरी सांगते. पण ज्यांना होत नाही, त्यांनाही तुम्ही आजारी ठरवता. पाळी हा आजार नाही. पळलं, खेळलं म्हणून काही बिघडत नाही. तुमच्या पोटातली खरी भीती वेगळी आहे. मुलगी मोठी दिसायला लागली आणि लोक बघतात, ही ती भीती. तर मग बघणाऱ्यांना हुसकायला तुम्ही मैदानाच्या कडेला येऊन उभे राहा. मुलीला आत कोंडून त्यांची सोय करू नका.

"घरात काम करते की, तोच व्यायाम," असं एका आईनं मला ऐकवलं. म्हणून सांगते, मघाशी जो अभ्यास सांगितला त्यात घरकाम, शेतकाम, चालणं सगळं धरलेलं असतं. ते धरूनही आपल्या देशात शंभरातल्या सत्तावन्न बायका कमी पडतात. पुरुष बेचाळीस. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाची २८९ मिनिटं घालवतात, आणि पुरुष ८८. आईचा दिवस असा ओट्यापाशी जातो, म्हणून लेकीचाही तसाच जावा असं तुम्हाला वाटतं का? वाटत नसेल तर लेकीला संध्याकाळी पाच ते सहा कामाला लावायचं नाही. तो तास तिच्या भावानं भांडी घासावीत. त्याचे हात चांगले लांब आहेत.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या बायकांनी तो जिंकला. कर्णधार प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. शाळेच्या ग्रुपवर तुम्ही टाळ्यांच्या खुणा टाकल्यात. आणि त्याच ग्रुपवरच्या पालकांनी सही करून आपल्या मुलींचं मैदान काढून घ्यायला सांगितलं. मला हे जुळवता येत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंनाही सोडणार नाही, कारण मुलांना सावलीत बसवायची सवय आम्ही लावली. पन्नासचा वर्ग मैदानावर आला की आम्ही बारा निवडतो. जी पळतात, उंच आहेत, तालुक्याला जिंकून देतील ती. त्यांना घाम निघेपर्यंत खेळवतो. उरलेल्या अडतिसांना म्हणतो, बसा, गडबड करू नका. मग वर्षाच्या शेवटी ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटात बसते आणि आमची पाठ थोपटली जाते. शासकीय शालेय स्पर्धांत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जाताना मुलं गळत जातात, ते ठीकच आहे, स्पर्धा अशीच असते. पण आम्ही पहिली गाळणी शाळेच्या मैदानावर, जून महिन्यातच लावतो.

हे मीही केलंय. वर्षानुवर्षं केलं. माझ्या संघानं पाच वर्षं ओळीनं ढाल आणली, तेव्हा एक मुलगी पाचवीपासून दहावीपर्यंत गुलमोहराखाली बसून खेळणाऱ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. अंगानं जाड, हसरी. "हिच्याकडे ठेवा गं," असं मीच सांगायचे. दोन वर्षांपूर्वी ती स्टँडवर भेटली. जिना चढताना दम लागतो म्हणाली, गुडघ्यांचे एक्स-रे काढायला निघाली होती. तिशी नुकतीच ओलांडलेली. निघताना म्हणाली, "बाई, मला तुम्ही एकदाही खेळवलं नाहीत. मला यायचं होतं." रागानं नाही म्हणाली. तिची एसटी लागली, ती गेली. मी फलाटावर उभी राहिले. माझ्या नावावरच्या पाच ढाली तिच्या एका वाक्यापुढे मला नकोशा झाल्या. त्यानंतर, चिठ्ठी नसेल तर, माझ्या तासाला सावलीत कुणी बसत नाही. पाय मोडलेला मुलगासुद्धा शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहतो.

तेव्हा शिक्षकांनो, वर्गातला सगळ्यांत हळू पळणारा मुलगा मार्चमध्ये जूनपेक्षा थोडा तरी जास्त पळतो का, ते बघा. तुमचं काम त्यावर मोजलं जाईल. बॉल दोनच आहेत, म्हणून रडू नका. लगोरीला सात फरशा लागतात. लंगडीला, आट्यापाट्यांना, सूरपाट्यांना फक्कीच्या रेघांपलीकडे काही लागत नाही.

लहानपणापासून स्पर्धेत जुंपलं नाही तर मूल मागे पडेल, असं मानणाऱ्यांनी नॉर्वेकडे बघावं. पुणे जिल्ह्यापेक्षा कितीतरी कमी वस्तीचा देश. तिथे लहान मुलांच्या खेळांत अकराव्या वर्षापर्यंत निकालाचे तक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. सगळ्यांनी खेळायचं, मित्रांबरोबर खेळायचं, आवडीनं खेळायचं. त्याच देशानं २०२२ च्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सोळा सुवर्णपदकं घेतली, सगळ्यांत जास्त. बर्फाची गोष्ट आपल्याला लागू नाही. मुलांना आधी खेळू देण्याची लागू आहे.

आणि खेळाचे सवलतीचे गुण. तो विषय टाळता येणार नाही, कारण जानेवारी आला की माझ्या दारात रांग लागते. ज्या मुलाला तुम्ही तीन वर्षं चिठ्ठ्या देऊन घरी ठेवलंत, त्याच्यासाठी प्रमाणपत्र मागता. एक वडील पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. "बाई, कुठल्यातरी स्पर्धेत नाव घाला, दहावीला कामी येईल." मुलगा शेजारीच उभा होता, मान खाली घालून. आपला बाप आपल्यासमोर खोटं विकत घेतोय, हे त्याला कळत होतं. पुडा मी परत केला. तुम्ही त्या दिवशी मुलाला काय शिकवलंत, याचा विचार केलात का? मैदानावर हरलेला मुलगा घरी येऊन जेवून झोपतो आणि दुसऱ्या दिवशी परत पळतो. तुम्ही त्याला हरायचीही संधी दिली नाहीत.

मैदानाबद्दल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण हवं आणि खेळाचं साहित्य हवं, असं स्पष्ट लिहिलंय. सहावी ते आठवीत पट शंभरावर असेल तर शारीरिक शिक्षणाला निदान अर्धवेळ शिक्षक हवा, असंही लिहिलंय. शाळेत प्रवेश घेताना तुम्ही काय विचारता? वर्गात एसी आहे का, स्मार्ट बोर्ड आहे का. मैदान कुठे आहे, हे गेल्या पाच वर्षांत एका पालकानं मला विचारलेलं नाही. म्हणून मैदानं जातात. लग्नाचा मांडव, प्रचारसभा, दिवाळीत फटाक्यांचे स्टॉल, रविवारी गाड्या. गेल्या वैशाखात आमच्या मैदानावर दोन दिवस लग्न होतं. मांडव उतरल्यावर सोमवारी मी आणि सातवीची मुलं ओळीनं वाकून खिळे वेचत होतो. पत्र्याचा डबा अर्धा भरला. बांबूंचे खड्डे बुजवले, प्लॅस्टिकचे द्रोण उचलले. तरी बुधवारी सरावात एका मुलानं खांबाजवळ सूर मारला आणि तळहातात खिळा घुसला. धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला मीच घेऊन गेले. त्याची आई मला म्हणाली, "म्हणूनच सांगत होते, खेळू नको." लग्न कुणाचं होतं, हे तिला माहीत होतं. त्या पंगतीत ती जेवून आली होती. मुलाला बोलण्याआधी त्या मंडपवाल्याला का बोलली नाहीस, हे मी तिला तेव्हा विचारलं. आज सगळ्यांना विचारतेय.

तुमचा कागद मी हेडसरांकडे दिलेला नाही. देणारही नाही. तो याच्यासोबत परत पाठवतेय. मागची बाजू कोरी आहे, तिथे मी लिहिलंय ते वाचा.

सही करणाऱ्या बेचाळीस जणांनी शनिवारी सकाळी साडेसहाला मैदानावर यायचं. चालत यायचं आणि मुलांना घेऊन यायचं. साडी असली तर पदर खोचा, बूट नसतील तर अनवाणी चालेल. खिळे मी आदल्या संध्याकाळी बघून ठेवीन. फक्की आणि शिट्टी माझ्याकडे आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून या, त्यांना मी चालायला लावीन, पण बसायला खुर्ची मिळणार नाही.

खो-खोनं सुरुवात करू. पहिल्या तुकडीत कोण उतरणार, हे तुला वेगळं सांगायला नको. वीस वर्षं झाली, दम लागेल, पाय अडखळतील. चालेल. तुझी लेक कडेला बसून बघणार नाही. गेले काही दिवस रोज दहा मिनिटं मी तिला उकिडवं बसवतेय, आता जमतं तिला. शनिवारी ती चौथ्या चौकात बसेल, आणि पाठीत खो बसला की उठून तुझ्या मागे लागेल.